‘गेट’च्या पुढे काय आहे ते बघा

आमच्या संध्याकाळच्या वर्गात एक काकू येतात. मुलगी एमबीबीएस झाली त्या आठवड्यात त्या पेढे घेऊन आल्या आणि सगळ्यांसमोर मोठ्या उत्साहाने इंग्रजीत म्हणाल्या, “माय डॉटर गॉट अ डॉक्टर!” मी पेढा तोंडात टाकता टाकता थांबलो. इंग्रजी माणूस या वाक्याचा अर्थ लावेल, मुलीने कुणासाठी तरी डॉक्टर बोलावून आणला. किंवा तिला डॉक्टर मिळाला, म्हणजे आपल्या भाषेत स्थळ जमलं. हे सांगितल्यावर काकू म्हणाल्या, “तोही मिळाला तर बरंच आहे की, सर.”

काकूंची चूक आळशीपणाची नव्हती. त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं: गेट म्हणजे होणं. ‘गेट टायर्ड’ म्हणजे दमणं, ‘गेट वेट’ म्हणजे ओलं होणं, मग ‘गेट अ डॉक्टर’ म्हणजे डॉक्टर होणं. हिशोब सरळ आहे. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या रिक्षावाल्या दादांच्या वहीत मात्र गेट म्हणजे मिळणं. तिसऱ्याच्या वहीत पोचणं. तिघांचंही बरोबर आहे आणि तिघंही अडकतात.

म्हणून नव्याने इंग्रजी बोलू लागलेल्यांना मी आधी एकच सांगतो: गेटचे अर्थ पाठ करत बसू नका. कोश उघडलात तर पानंच्या पानं सापडतील. गेटच्या लगेच पुढे काय आलंय ते बघा. वस्तू आहे, गुण आहे, जागा आहे, की दुसरं क्रियापद? अर्थ तिथे ठरतो. सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, आधी नव्हतं ते आता झालं. हातात नव्हतं, आलं. कोरडा होतो, भिजलो. घरी नव्हतो, पोचलो.

आधी तोंड सरळ करून घेऊ

देवनागरीत ‘गेट’ लिहिलं की कोणता गेट हे कळतच नाही. सोसायटीच्या वॉचमनचा गेट, इंजिनिअरिंगच्या पोरांची गेट परीक्षा आणि आपलं हे क्रियापद, तिघांचं स्पेलिंग आपल्याकडे एकच. कारण मराठीत ऱ्हस्व ‘ए’साठी वेगळं अक्षर नाही. इंग्रजीत मात्र दरवाजाच्या गेटमधला ‘ए’ लांब असतो आणि शेवटी किंचित ‘इ’कडे झुकतो. क्रियापदातला ‘ए’ तुटक. ‘ग’ला ए टेकला की लगेच ‘ट’वर आपटायचं.

हा फरक गेटपुरता नाही. परीक्षेची टेस्ट आणि चवीची टेस्ट, लिहायचं पेन आणि दुखण्याचं पेन, ओला या अर्थाचं वेट आणि थांबा म्हणणारं वेट, करू दे म्हणणारं लेट आणि उशिराचं लेट. प्रत्येक जोडीत पहिला तुटक, दुसरा लांब. आरशासमोर दहा वेळा म्हणून बघा. लांब उच्चारात ओठ किंचित फाकतात, तुटक उच्चारात फाकायला वेळच मिळत नाही.

रूपं सोपी आहेत. वर्तमानात गेट, भूतकाळात गॉट. अमेरिकेत तिसरं रूप गॉटन असतं, त्याचं पुढे येईल. अमेरिकी बोलण्यात ‘गॉट इट’ हे ‘गाडिट’सारखं ऐकू येतं. सिनेमा बघताना दचकू नका.

पायरी १: पुढे वस्तू असेल तर

इथे मिळणं, आणणं आणि विकत घेणं हे तीन अर्थ निघतात. ‘आय गॉट अ लेटर’, मला पत्र आलं. ‘कॅन यू गेट मी सम वॉटर?’, जरा पाणी आणतोस का? ‘व्हेअर डिड यू गेट दिस साडी?’, ही साडी कुठून घेतलीस? आपण तीन क्रियापदं वापरतो, इंग्रजी एकावर भागवतं.

अडचण वाक्याच्या सुरुवातीला असते. मराठीत ‘मला पगार मिळाला’. पगार येतो, मी नुसता बसलेलो. इंग्रजीत ‘आय’ पुढे येतो आणि पगार हातात घेतो: ‘आय गॉट माय सॅलरी’. ‘मला’चं भाषांतर करायला गेलात की ‘मी गॉट’ किंवा ‘टू मी गॉट’ असलं काहीतरी तोंडातून पडतं. मराठी वाक्य ‘मला’ने सुरू होत असेल आणि तुम्हाला गेट वापरायचं असेल, तर डोळे मिटून ‘आय’ने सुरू करा. दहापैकी नऊ वेळा बरोबर येईल.

दुसरा खड्डा आपल्या ‘मिळणं’चाच आहे. हरवलेली किल्ली सापडली तरी आपण म्हणतो, “मिळाली रे किल्ली!” ते ऐकून ‘आय गॉट द की’ म्हणालात तर समोरच्याला वाटेल, कुणीतरी तुम्हाला किल्ली दिली. शोधून सापडलं असेल तर ‘फाउंड’. (मराठीत कितीतरी जण ‘पुस्तक भेटलं’ म्हणतात आणि पुण्यात त्यावरून टोमणे खातात. माझं त्यांच्याशी भांडण नाही. फक्त ते इंग्रजीत नेऊ नका. पुस्तकाला ‘मेट’ म्हणालात तर पुस्तकाने हात पुढे केला असं वाटेल.)

पायरी २: पुढे गुण सांगणारा शब्द असेल तर

इथे गेट म्हणजे होणं, आणि इथेच मराठी माणूस सगळ्यात जास्त घुटमळतो. कारण आपल्याकडे नुसतं ‘होणं’ नसतं. भूक लागते, राग येतो, थंडी वाजते, अंधार पडतो. प्रत्येकाचं क्रियापद वेगळं, आणि सगळं आपल्यावर बाहेरून येऊन आदळणारं. इंग्रजीत या सगळ्यांना गेट चालतं: ‘आय ॲम गेटिंग हंग्री’, ‘डोन्ट गेट अँग्री’, ‘इट्स गेटिंग कोल्ड’, ‘इट्स गेटिंग डार्क’. एकदा एकाने ‘डार्क इज फॉलिंग’ लिहून दिलं होतं. वाचायला कवितेसारखं वाटलं, पण खिडकी लावायला सांगताना असं कुणी बोलत नाही.

‘आय ॲम हंग्री’ आणि ‘आय ॲम गेटिंग हंग्री’ यांतला फरक लक्षात ठेवा. पहिल्यात भूक लागलेली आहे, ताट वाढा. दुसऱ्यात लागायला लागली आहे, कुकर लावला तरी चालेल. लग्नाचंही तसंच. ‘शी इज मॅरिड’ म्हणजे ती विवाहित आहे, ‘शी गॉट मॅरिड लास्ट ईयर’ म्हणजे गेल्या वर्षी लग्न झालं. तारीख, वार, वर्ष सांगायचं असेल तर गॉट हवं. ‘शी इज मॅरिड लास्ट ईयर’ हे मी दर बॅचला खोडतो. आणि लग्न कुणाशी? ‘कुणाशी’तल्या आपल्या मराठी ‘शी’मुळे सगळे ‘विथ’ म्हणतात. इंग्रजीत ‘टू’: ‘शी गॉट मॅरिड टू अ टीचर’.

आता काकूंकडे. गेटच्या पुढे टायर्ड, वेट, लेट, ओल्ड असा गुण आला तर ‘होणं’. डॉक्टर, वकील, आजी, सरपंच ही माणसं आहेत, गुण नव्हेत. पुढे माणूस आला की गेट त्याला पकडून आणतं. माणूस दुसरं काही ‘झाला’ असं सांगायचं असेल तर ‘बिकेम’: ‘माय डॉटर बिकेम अ डॉक्टर’.

याच पायरीवर ‘सिलेक्ट झालो’वाले येतात. आपण मराठीत ‘मी सिलेक्ट झालो’, ‘मॅच कॅन्सल झाली’ म्हणतो. त्याचंच ‘आय गॉट सिलेक्ट’ होतं. शेवटचा ‘एड’ विसरायचा नाही: ‘आय गॉट सिलेक्टेड’, ‘द मॅच गॉट कॅन्सल्ड’. पास होण्याला मात्र गॉट लागतच नाही, ‘आय पास्ड’ पुरे. नको असलेली गोष्ट घडली की ही रचना बोलण्यात फार येते: ‘माय फोन गॉट स्टोलन’, ‘ही गॉट हर्ट’.

‘आय गॉट लॉस्ट’ म्हणजे मी रस्ता चुकलो. ‘गेट लॉस्ट’ म्हणजे चालता हो. पत्ता विचारताना दुसरं तोंडात येऊ देऊ नका.

पायरी ३: पुढे जागा असेल तर

पोचणं. ‘आय गॉट टू द स्टेशन ॲट नाइन’. घराला मात्र ‘टू’ लागत नाही: ‘आय गॉट होम लेट’. इथे-तिथेलाही नाही: ‘व्हेन डिड यू गेट हिअर?’ नव्या गावात उतरलेल्या माणसाने एकच वाक्य पाठ करायचं ठरवलं तर मी हे देईन: ‘हाऊ डू आय गेट टू’ आणि पुढे जागेचं नाव. म्हणजे, तिकडे कसं जायचं?

गाडीत चढण्या-उतरण्याची गंमत आहे. बस, ट्रेन, विमान यांना ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. कार, टॅक्सी, रिक्षा यांना ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. ओळखायचं असं: आत शिरून उभं राहता येतं, चार पावलं टाकता येतात, तिथे ‘ऑन’. वाकून शिरायचं आणि टेकायचं, तिथे ‘इन’. बाइकवर टांग टाकतो, तिथेही ‘ऑन’. दादा या नियमावर बेहद्द खूश झाले. “म्हणजे माझ्या रिक्षाला इन, आणि मागनं हॉर्न मारतो त्या बसला ऑन.” अगदी.

मग ‘गेट डाउन’चं काय? ‘आय विल गेट डाउन ॲट दादर’ हे आपण सगळे म्हणतो, कारण मराठीत आपण उत-र-तो, वरून खाली येतो. भारतात हे कुणालाही कळतं आणि मी वर्गात त्याला चूक म्हणत नाही. पण लंडनच्या बसमध्ये ‘गेट डाउन’ ओरडलात तर लोक खाली वाकतील, डोक्यावर काही येतंय की काय म्हणून. बाहेर जाणार असाल तर ‘गेट ऑफ’ची सवय लावून घ्या.

‘गेट अप’ म्हणजे अंथरुणातून उठणं, जागं होणं ते ‘वेक अप’. ‘आय वोक अप ॲट सिक्स अँड गॉट अप ॲट सेव्हन’ हे वाक्य रविवारी प्रत्येकाच्या घरी खरं असतं. आपल्या नाटकवाल्यांचा ‘गेटअप’, म्हणजे वेषभूषा, तो यातूनच आलेला पण वेगळा.

पायरी ४: काम दुसऱ्याने केलं असेल तर

ही पायरी शिकलात तर इंग्रजी एकदम चांगलं वाटायला लागतं, म्हणून इथे जरा थांबू या.

“काल मी केस कापले,” आपण सहज म्हणतो. कात्री न्हाव्याच्या हातात होती हे सगळ्यांना ठाऊक. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हणालात तर तुम्ही स्वतः आरशासमोर उभं राहून कात्री चालवली. बरोबर वाक्य: ‘आय गॉट माय हेअर कट’. शब्द तेच, फक्त गॉट वाढला आणि जागा बदलली. आधी गॉट, मग वस्तू, मग काय झालं ते. मराठीतलं ‘करून घेणं’ नेमकं हेच आहे. ‘गाडी दुरुस्त करून घेतली’, ‘आय गॉट द बाइक रिपेअर्ड’. ‘रक्त तपासून घेतलं’, ‘आय गॉट माय ब्लड टेस्टेड’. ‘ब्लाउज शिवून घेतला’, ‘आय गॉट अ ब्लाउज स्टिच्ड’. मराठी वाक्यात ‘घेतलं’ बसत असेल तर इंग्रजीत गॉट बसतं, बहुतेक वेळा.

एका मुलाला मुलाखतीत विचारलं, हा प्रकल्प कुणी केला? याने छपाई बाहेरून करून घेतली होती, पण बोलला ‘आय प्रिंटेड इट’. पुढचा प्रश्न आला, कोणतं मशीन वापरलंस? पोरगा गप्प. ‘आय गॉट इट प्रिंटेड’ म्हणाला असता तर सुटला असता.

आणि माणसाकडून काम करून घ्यायचं असेल तर? मराठीत ‘त्याच्याकडून सही करून घे’. इंग्रजीत ‘गेट हिम टू साइन’. मधला ‘टू’ विसरू नका. ‘मेक हिम साइन’मध्ये ‘टू’ नसतो, पण त्यात जोर आहे, थोडी दमदाटीही. गेटमध्ये समजावणं, मागे लागणं, चहा पाजणं हे सगळं येतं. सरकारी कचेरीत कागद पुढे सरकवणाऱ्या कुणालाही हा फरक सांगायला नको.

पायरी ५: ‘टू’ आणि क्रियापद असेल तर

इथे मराठी आपल्या बाजूने आहे. ‘मला बोलायलाच मिळालं नाही’, ‘आय डिडन्ट गेट टू स्पीक’. ‘लहानपणी आम्हाला रोज नदीत पोहायला मिळायचं’, ‘वी गॉट टू स्विम एव्हरी डे’. करायला मिळणं आणि ‘गेट टू’ यांचं माप इतकं तंतोतंत जुळतं की मला दर वेळी आनंद होतो.

पण कानाने ऐकताना घोटाळा होतो. ‘आय गॉट टू गो’ म्हणजे मला जायला मिळालं, आणि बोलण्यात तेच ‘आय हॅव गॉट टू गो’चं आखूड रूप असतं, म्हणजे मला जायलाच हवं. पोरं त्याचं ‘गॉटा’ करतात. ताजमहालाबद्दल बोलत असेल तर मिळालं. हातात पिशवी घेऊन दाराकडे निघाला असेल तर हवं.

‘हॅव गॉट’

‘आय हॅव गॉट अ कार’ यात गेट दिसतं खरं, पण अर्थ नुसता ‘आहे’. माझ्याकडे गाडी आहे. मला दोन भाऊ आहेत, ‘आय हॅव गॉट टू ब्रदर्स’. ‘मला’ आणि ‘माझ्याकडे’ यांचा आपण करतो तो भेद तिथे नाही. भूतकाळात मात्र साधं ‘हॅड’ वापरा.

ब्रिटिशांना हे ‘हॅव गॉट’ फार लाडकं आणि तिसरं रूप म्हणूनही ते गॉटच वापरतात. अमेरिकेत ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे गाडी आहे, ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे गाडी मिळवली. गॉटन ही अमेरिकेची नवी टूम नाही. इंग्लंडमधलंच जुनं रूप आहे, तिकडे जवळजवळ सुटलं आणि अमेरिकेत टिकलं. गैरमार्गाच्या कमाईला ब्रिटिश अजूनही ‘इल-गॉटन’ म्हणतात, अशा शब्दांत ते अडकून राहिलंय. मूळ धातू तर बाहेरून आलेला: उत्तरेकडून समुद्रमार्गे आलेल्या नॉर्स लोकांचा ‘गेटा’, म्हणजे मिळवणं. इंग्रजीत तो साधारण १२०० च्या सुमारास रुळलेला दिसतो. त्याच कुळातला ‘फर्गेट’, हातात आलेलं सुटणं. विसरण्यातही गेट आहे हे मला आवडतं.

काही जोड्या, पाठच कराव्या लागणाऱ्या

‘गॉट इट’ म्हणजे कळलं. ‘आय डोन्ट गेट इट’ म्हणजे डोक्यात शिरत नाही. साहेबांना मात्र ‘यू गॉट इट?’ विचारू नका, ‘कळलं का रे?’ असं कानाला लागतं.

‘गेट थ्रू’ म्हणजे फोन लागणं. ‘आय कुडन्ट गेट थ्रू’, फोनच लागला नाही. ‘गेट अलाँग’ म्हणजे पटणं: त्या जावाजावांचं पटत नाही, ‘दे डोन्ट गेट अलाँग’. ‘गेट बाय’ म्हणजे कसंबसं भागणं. ‘गेट ओव्हर’ म्हणजे आजारातून किंवा दुःखातून सावरणं. ‘गेट रिड ऑफ’ म्हणजे पिच्छा सोडवणं. ‘गेट अवे विथ’ला शब्दकोशात दीड ओळीचं स्पष्टीकरण असतं, पण आपल्याकडे एकच शब्द आहे: पचणं. एवढं करूनही त्याला पचलं, ‘ही गॉट अवे विथ इट’.

ऑफिसात ‘आय विल गेट बॅक टू यू’, म्हणजे नंतर कळवतो. आपल्याकडे त्याऐवजी ‘रिव्हर्ट’ लिहायची साथ आहे. भारतात चालतं, पण बाहेरचा माणूस गोंधळतो, कारण त्याच्या लेखी रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणं.

लिहिताना गेट जरा कमी करा. पत्र मिळालं हे मित्राला ‘गॉट’, कंपनीला ‘रिसीव्ह्ड’. आपणही घरी ‘पत्र मिळालं’ म्हणतो आणि अर्जात ‘आपले पत्र प्राप्त झाले’ लिहितो, तसंच.

आता वही काढा

रात्री झोपण्यापूर्वी दिवसभरातल्या पाच गोष्टी मराठीत लिहा, शेजारी इंग्रजी. सुरुवातीला ही पाच घ्या, उत्तर झाकून.

हरवलेला चष्मा मिळाला. पावसात भिजलो. शेगडी दुरुस्त करून घ्यायची आहे. काल झोपायलाच मिळालं नाही. भाऊ वकील झाला.

पहिल्याला गेट नको, ‘आय फाउंड माय ग्लासेस’. दुसरं ‘आय गॉट वेट इन द रेन’. तिसरं ‘आय हॅव टू गेट द स्टोव्ह रिपेअर्ड’. चौथ्याला ‘आय डिडन्ट गेट टू स्लीप’ चालेल, पण लोक जास्त करून ‘आय डिडन्ट गेट एनी स्लीप’ म्हणतात, झोपेलाच वस्तू करून टाकतात. पाचवं वर्गात काकूंना विचारलं, तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, “बिकेम. वकील घरी आणायची वेळ कुणावर न येवो.”